सामुराईची रजा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. पालमच्या शाळेत माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातले मास्तरसुद्धा उगीच फळा पुसायला लागायचे. हा ताप मला आबांकडून आलेला नाही. आबा म्हणजे माझे वडील. ते जन्मात कधी मोठ्यानं बोलले नाहीत. ते शिबंदीतले होते. शिबंदी म्हटलं की आता पोरं तोंडाकडं बघतात. निजामाच्या राज्यात जहागीरदारांच्या पदरी हत्यारबंद माणसं असायची, पिढ्यान् पिढ्या एकाच घरची चाकरी करणारी. ती शिबंदी. आमचं गाव चारठाण्यापासून दीड कोसावर. गावात सरकारांची, म्हणजे आमच्या जहागीरदारांची, गढी, गढीच्या दरवाजात पहाऱ्याची देवडी, आणि देवडीच्या डाव्या ओट्यावर आबा. त्यांचे वडील तिथंच बसले, आजोबाही तिथंच बसले. त्या जागेचा दगड गुळगुळीत झाला होता.

जहागिरी गेल्या, निजाम गेला, सरकार परभणीला बंगला बांधून राहायला गेले, पण आबांची चाकरी काही सुटली नाही. खळ्यावरून ज्वारीची पोती यायची ती बंद झाली. माय दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायला लागली. आणि आबा? रोज सकाळी आंघोळ करून, मिशीला पाणी लावून, त्या रिकाम्या गढीच्या ओट्यावर जाऊन बसायचे! मी माहेरी आले की भांडायचे. माहेरी म्हणते खरं, पण सासर मला कधी नव्हतंच. लग्न केलं नाही, मास्तरकी केली. माय मला गप्प करायची. "बसू दे गं. घरात बसला तर भाकरी थापताना मधी येतो," असं म्हणून ती हसायची.

दसऱ्याला मात्र सरकार जीप घेऊन यायचे. पितळी तबकात एक विडा ठेवलेला असायचा. आबा पुढं होऊन, वाकून तो उचलायचे. उचलला की वर्षभर बांधले गेले. मग सरकार त्यांच्या हातात तलवार द्यायचे, आणि सीमोल्लंघनाला आबा ती घेऊन सगळ्यांच्या पुढं चालायचे. परत आलं की तलवार पुन्हा सरकारांच्या खोलीत, कुलपात. तलवारसुद्धा आमची नव्हती बघा. चाकरी सोडायची तर हाच रिवाज उलटा. चाकरानं विडा परत करायचा, आणि धन्यानं तोंडानं म्हणायचं, "रजा हाय." तेवढं म्हटल्याशिवाय माणूस सुटत नाही. आबांचे वडील मरायला टेकले तेव्हा थोरले सरकार स्वतः आमच्या घरी येऊन त्यांना रजा देऊन गेले होते. "धनी आपल्या उंबऱ्यात आलते," हे आबा इतक्यांदा सांगायचे की मला पाठ झालं होतं.

आबांनी लढाई एकच बघितली. रझाकारांच्या वक्ताला एक टोळी गढीवर चालून आली. सरकार तेव्हा जवान होते, घाबरून आत बसलेले. आबा देवडीच्या लहान दरवाजात एकटे उभे राहिले. खांद्यावर वार बसला, तरी हलले नाहीत. टोळी परत गेली. सरकारांनी बाहेर येऊन स्वतःच्या हातानं त्यांना विडा भरवला आणि म्हणाले, "तू हाईस म्हणून आमी हाव." झालं! या एका वाक्यावर आबांनी उरलेला जन्म काढला. तो खांदा थंडीत ठणकायचा, माय तीळतेल लावायची, आणि तेल लावून घेतानाही तेच वाक्य.

बहात्तर साली मला पालमला नोकरी लागून वर्षच झालं होतं. इतिहास शिकवायचे. पुस्तकात जपानवर जेमतेम दीड पान होतं, त्यात सामुराईंवर चार ओळी. माझं चार ओळींत भागत नाही. शाळेच्या कपाटात जपानवरचं एक जुनं, पुठ्ठा गेलेलं पुस्तक सापडलं, ते वाचून काढलं आणि वर्गात असं शिकवलं, असं शिकवलं, की पोरं मधल्या सुट्टीत रूळ घेऊन सामुराई सामुराई खेळायला लागली. पोळ्याच्या सुट्टीत गावी आले तेव्हा मायला आणि आबांना समोर बसवून तोच धडा पुन्हा घेतला. शिक्षकाला श्रोता मिळाला की तो सोडतो होय?

आबा आधी आपलं ऐकायचं म्हणून ऐकत होते. मग मी म्हटलं, तिकडं प्रत्येक सरदाराच्या पदरी पिढीजात चाकर असायचे आणि त्यांना वर्षाला तांदूळ मोजून मिळायचा. आबा सरसावून बसले.

"त्येंला तांदूळ, आमाला ज्वारी. बरं, घोडा कोणाचा?"

"धन्याचा. मोठ्या मानाच्या चाकराला स्वतःचाही मिळायचा. बाकीचे घोड्याच्या भवती पायी पळायचे. धन्याचा भाला, जास्तीचे बाण, सगळं यांच्या अंगावर."

"पायीच की मग. आन् लढाईत खायाचं काय?"

मी सांगितलं, शिजवून वाळवलेला भात कापडाच्या लांब पिशवीत भरायचा, एकेका जेवणाला एकेक गाठ मारायची आणि ती माळ गळ्यात घालायची. आबांना ते लय आवडलं. "ही शिदोरी बरी हाय, हात मोकळे ऱ्हात्यात," म्हणाले. चिलखत रेशमी दोऱ्यांनी बांधलेलं असायचं. छावणीत ते आठ-आठ दिवस अंगावरून उतरवायचं नाही, पावसात दोऱ्या भिजून जड व्हायच्या, आत उवा पडायच्या. लढाईला निघताना केसांना सुगंधी धूप द्यायचा, कारण आपलं डोकं शत्रूच्या हाती लागलं तर घाण वास येऊ नये. आणि जिंकलं तर शत्रूची मुंडकी धुऊन, केस विंचरून, चिठ्ठी बांधून धन्यापुढं मांडायची आणि धनी काय बोलतो त्याची वाट बघत गुडघ्यावर बसायचं.

"मुंडकी विंचरायची? आगं माय!" आबांनी तोंड फिरवलं. "आमच्यात असलं न्हवतं." मग म्हणाले, "पण वाट बघायची ती खरं हाय. धन्यानं नुसतं बघितलं तरी पोट भरतं."

आणि मग मी ती गोष्ट सांगितली. जीभ झडली असती तर बरं झालं असतं. एका धन्यानं आपल्या चाकराला लाकडी पुलावर उभं केलं आणि सांगितलं, मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. शत्रूनं पलीकडं चाकराचं गाव पेटवलं. त्याला धूर दिसत होता, त्यात त्याचं घर होतं. पण तो हलला नाही. धनी परत आला तेव्हा तो पुलावर तसाच उभा होता. वर्गात या जागी पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. घरी आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शाब्बास रं मर्दा," ते म्हणाले, त्या जपानी माणसाला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ बाई, तू मला येडं म्हणतीस. जगात दुसरीकडंबी आमच्यासारखे हायत."

माय वाती वळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आन् घरात त्याची बायकू हुती का?"

"पुस्तकात तिचं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"न्हाईच लिहिणार," माय म्हणाली आणि वातींचं सूप घेऊन आत गेली.

दसऱ्याच्या सुट्टीत पुन्हा गावी गेले तेव्हा दुष्काळानं रानं उजाड पडली होती. मायचं पोट दोन दिवसांपासून दुखत होतं. तिनं ओवा खाल्ला, शेक घेतला, दुखणं अंगावर काढलं, पण सण म्हणून कुणाला बोलली नाही. दसऱ्याच्या सकाळी तिचं पोट फळीसारखं कडक झालं आणि हिरवी उलटी व्हायला लागली. चारठाण्याचे डॉक्टर सायकलवर आले, पोटाला हात लावला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "परभणीला न्या. आजच, दुपारच्या आत. इथं माझ्या हातात काही नाही."

दुष्काळात गावातले निम्मे बैल चाऱ्यासाठी सरकारी छावणीत गेले होते. शेजारच्या काकांची एक गाडी होती, पण बैलांची हाडं निघालेली. आबा म्हणाले, "आज सरकार यायलेत. जीप हाय. तासाभरात परभणी. मी आत्ता बोलतो." खरं सांगते, मलाही ते पटलं. मीच म्हटलं, "जा आबा, पळा."

ते नऊच्या सुमाराला गेले. दहा वाजले, अकरा वाजले. मी मायच्या ओठांना ओलं फडकं लावत होते आणि कान रस्त्याकडं. जीपचा आवाज काही येईना. बारा वाजता मी शेजारच्या काकूंना मायपाशी बसवलं आणि गढीवर धावत गेले. आबा देवडीत डाव्या ओट्यावर ताठ बसलेले. विडा उचलून झाला होता, तलवार मांडीवर होती.

"जीप कुठंय?"

"सरकारांना सांगितलं. माणसं लय हुती सोनं द्यायला. म्हणले, बस, आलोच."

"कवा म्हणले?"

"मघा. मी आल्या आल्या... नऊला."

"आबा, आता बारा वाजले! सरकार हायत कुठं?"

गढीतल्या गड्यानं सांगितलं, सरकार मागच्या दरवाज्यानं जीप काढून चारठाण्याला जेवायला गेले, येतील. मी आबांचा हात धरून ओढला. "उठा! काकांची गाडी जुंपू, फाट्यावर एसटी मिळंल. उठा म्हणते ना!" त्यांनी हात सोडवला नाही, पण उठलेही नाहीत. चेहरा पांढरा पडला होता.

"बाई, आन् मी गेलो आन् जीप आली तर? सरकार इथं मला बघतील. मी न्हाई म्हटल्यावर जीप तशीच पुढं जाईल. बैलगाडीला फाट्यावर जायाला दोन तास लागत्यात. जीपच लवकर पोचंल." मग खाली बघून म्हणाले, "बस म्हणलेत. मी कसा उठू?"

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बापाला बोलू नये ते सगळं बोलले. देवडीत सोनं वाटायला आलेली माणसं ऐकत होती. शेवटी म्हटलं, "बसा! पुलावर बसा!" आणि निघाले. त्या शब्दाचा अर्थ तिथं दोघांनाच कळला, मला आणि त्यांना.

काकांनी गाडी जुंपली. देवगाव फाट्यापर्यंत माय माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. फाट्यावर लिंबाच्या झाडाखाली गोधडी अंथरली. सणाचा दिवस, एसटी कमी. हॉटेलवाल्यानं पाणी दिलं, पण तिनं घेतलं नाही. एकदा डोळे उघडून विचारलं, "त्येंला कुणी भाकर नेऊन दिली का?" मी खोटं बोलले, दिली म्हटलं. एसटी आली तेव्हा कंडक्टर खाली उतरून बघून गेला, टोपी काढली आणि घंटी न वाजवताच गाडी सोडली. माय गेली होती.

दिवस मावळायच्या आत गाडी परत गावात आली. देवडीपाशी काकांनी बैल थांबवले. आबा तिथंच होते. सरकार चारठाण्याहून परस्पर परभणीला निघून गेले होते आणि सीमोल्लंघन गावकऱ्यांनीच उरकलं होतं. आबांनी मला बघून विचारलं, "जीप आली न्हाई. एसटी मिळाली का?" मी म्हटलं, "माय गेली." त्यांनी तलवार भिंतीला टेकवून ठेवली, अगदी जपून, पडू नये म्हणून दोनदा हात लावून बघितला, आणि मग ओट्यावरून उतरले. त्यांना खाली बसता येईना की उभं राहता येईना, तसे ते गाडीचं चाक धरून वाकून राहिले.

सरकार तेराव्याला आले. पांढरे कपडे, हातात रुमाल. सगळं ऐकून खरंच हळहळले, खोटं कशाला बोलू. मग आबांना म्हणाले, "अरे, बस म्हणजे काय बसूनच राहायचं का? मला वाटलं तू घरी गेला असशील." आबा हात जोडून म्हणाले, "जी, सरकार." माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो सरकारांच्या डोक्यात घातला नाही याचा मला अजून पस्तावा होतो.

आबांना मी पालमला घेऊन आले. एका खोलीत आम्ही दोघं राहायचो आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हते. ताट सरकवायचे, पाणी ठेवायचे, औषध आणायचे, पण बोलणं नाही. लोक म्हणायचे, किती करते बापाचं! कशात काय नि फाटक्यात पाय. त्यांच्या ताटात मी रोज भाकरीबरोबर माझा राग वाढत होते आणि ते मुकाट्यानं खात होते. जपानचं ते पान आलं की मी पोरांना घरी वाचून या म्हणायचे. आणि एक गोष्ट झाली होती, तिचा अर्थ मी कधी विचारला नाही. माय गेल्यापासून एकाही दसऱ्याला आबा गावी गेले नाहीत. त्यांनी पुन्हा विडा उचलला नाही. दसऱ्याच्या दिवशी ते दार लावून, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. खांद्याला तेल लावायलाही त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग त्यांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना परभणीच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. श्वास लागत होता.

"बाई, त्या सालचा विडा अजून अंगावर हाय. परत करायचा ऱ्हायला. रजा घेतल्याबिगर कसं जावं?"

किती वर्षांनी मी त्यांच्याशी सरळ बोलले असेन. म्हटलं, "काय करू आबा?"

"सरकार इथंच ऱ्हात्यात. येतील का बघ. म्हणावं, दोनच शब्द हायत." मग माझा हात धरून म्हणाले, "तिकडं तुझी माय हाय. तिच्याकडं जायाचंय. पर सुटल्याबिगर जाऊ कसा?"

मी रडतच बाहेर पडले. टपरीवर विडा बांधून घेतला, सायकलरिक्षा केली आणि बंगल्यावर गेले. सरकार म्हातारे झाले होते. व्हरांड्यात दाढी करून घेत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी साबण लागलेल्या तोंडानं माझ्याकडं बघितलं. "अरे अरे, तो अजून हाय का? लय इमानी माणूस. येतो की, येतो. तू बस बाई, आलोच."

मी बसले.

व्हरांड्यात वेताची खुर्ची होती. कामवाल्या बाईनं पाणी आणून दिलं. आतल्या घड्याळानं अकरा वाजवले, बारा वाजवले. रिक्षावाला दोनदा फाटकातून डोकावून गेला. मला कळत होतं, देवाशप्पथ कळत होतं, की उठावं. पण मनात तेच गणित चाललं होतं. आता येतील, कपडे करत असतील, मी गेले आणि ते बाहेर आले तर? त्यांना घेऊन गेले तर आबा सुटतील. रिकाम्या हातानं कशी जाऊ? विडा मुठीत धरून मी ताठ बसून राहिले. एक वाजता मी आत हाक मारली. बाई बाहेर आली, म्हणाली, "मालक जेवून झोपले की. तुमी अजून हायतच का?"

दवाखान्यात पोचले तेव्हा खाटेवर पांढरी चादर ओढलेली होती. सिस्टर म्हणाली, "आत्ताच, अर्धा तास झाला. तुमची लय वाट बघितली त्यांनी. दारात कुणी आलं की विचारायचे, आले का."

मी चादर बाजूला केली. मूठ उघडून त्यांच्या हातात विडा ठेवला, मग त्यांच्या हातातून तो मीच परत उचलला आणि म्हटलं, "आबा, रजा हाय." खांद्यावरच्या त्या जुन्या व्रणाला हात लावला. दोनच शब्द होते. ते म्हणायला कुणाच्या बंगल्यावर जायचं कारण नव्हतं. सकाळी मी त्यांच्या उशाशी होते, माझा हात त्यांच्या हातात होता, आणि तेव्हा त्यांना ऐकू येत होतं.